ढब्बूची अर्धी गोळी

घड्याळजींच्या घरात तीन आठवडे कुणाला चैन नव्हती. त्यांचा कुत्रा ढब्बू खाजवायचा. कानामागे, पोटाला, पंजांच्या बेचक्यात, अगदी रक्त येईपर्यंत. त्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टरीणबाईंनी बंद केल्या होत्या. लिव्हर सुजलं होतं, आणखी वर्षभर त्या गोळ्यांवर कुत्रा टिकला नसता. ॲलर्जी नेमकी कशाची ते तपासायचं आणि मग त्यावरची इंजेक्शनं सुरू करायची, असं ठरलं होतं. पण तपासणीआधी खाजेवरचं कुठलंही औषध पोटात जाता कामा नये.

बायकोने पाकिटं कपाटात कोंडली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. घड्याळजी दुकानात डोळ्याला भिंग लावून बसायचे, पायाशी ढब्बूचं खाजवणं चालू. अहो, दगडाला पाझर फुटेल असं ते कण्हणं! शेवटच्या आठवड्यात त्यांना राहवेना. स्वतःची सर्दीची गोळी त्यांनी अर्धी मोडली आणि पावात दडवून रोज त्याला चारली. बंद केल्यात त्या कुत्र्याच्या गोळ्या, माणसाच्या कुठे? स्वतःशी असली वकिली करण्यात हा गृहस्थ पटाईत.

दवाखान्यात ढब्बूची कूस भादरली. डॉक्टरीणबाईंनी ओळीने बारीक सुया टोचल्या.

"ही पहिली जागा फुगायलाच हवी. प्रत्येक कुत्र्याची फुगते," त्या म्हणाल्या.

वीस मिनिटं गेली. कातडी सपाटच.

"याला काहीतरी दिलंय."

"छे! किल्ली माझ्याकडे आहे," बायको उसळली. "आणि ह्यांचा तर जीव आहे त्याच्यावर."

घड्याळजी पेचात पडले. गप्प बसावं, तर तपासणी फुकट आणि ढब्बू परत त्याच गोळ्यांवर.

"जीव आहे म्हणूनच दिली," ते म्हणाले. "माझी सर्दीची. अर्धी. रोज."

"काका, तीसुद्धा ॲलर्जीचीच गोळी असते!" डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "आता आणखी दोन आठवडे थांबायचं. काहीही न देता."

टेबलावरून उतरवल्याबरोबर ढब्बू खाजवायला बसला. घड्याळजींनी मान फिरवली.

"इकडे बघा," बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मीही रोज बघतेच की. मला काय बरं वाटतं?"

इतके दिवस आपण एकटेच तळमळतोय, असं ते धरून चालले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली. ते फरशीवर ढब्बूशेजारी बसले आणि बघत राहिले.