तीन पट्ट्यांची घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी टोचते. ज्यांना मऊमऊ पांघरूण हवं त्यांनी खुशाल दुलईची गोष्ट ऐकावी.

माझा जन्म राणीसावरगावचा. लिंबाजी धनगराने आपल्याच मेंढ्यांच्या काळ्या लोकरीतून मला विणलं. त्याचा माग अरुंद, म्हणून दोन लांब पट्ट्या विणून त्याने त्या मधोमध शिवल्या आणि चिंचोक्याची खळ लावून मला ताठ केलं. शेजारी त्याचा मुलगा उमाजी चातीवर सूत कातत बसलेला असे. बाजारात लोक मला हात लावून वाखाणत, पण लिंबाजी म्हणायचा, "ही इकायची न्हाई. ही माझ्या लेकाची हाय."

ते दिवस निजामाच्या राज्याचे. एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि आठवड्याभरात उमाजीचे आईबाप गेले. चुलत्याने मेंढ्या नेल्या, उमाजीला मात्र नेलं नाही. चौदा वर्षांचा तो पोर मला खांद्यावर टाकून परभणीपर्यंत चालत आला.

तिथे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका बंद गोदामाच्या ओट्यावर त्याला अंगद आणि त्याची धाकटी बहीण कासाबाई भेटली. त्यांची आई त्यांना घेऊन जिनिंगच्या कारखान्यात कामाला आली होती आणि तापाने गेली होती. त्या दोघांकडे पांघरूण नव्हतं. उमाजीने मला उलगडलं आणि तिघांवर घातलं. बोलणं त्यानंतर सुरू झालं.

दिवस वाईट होते. सांडलेली ज्वारी वेचायला जावं तर चौकीदार काठी उगारी. स्टेशनावर ओझं उचलायला जावं तर हमाल हुसकून लावत. बाजारात काही हरवलं की शिपाई आधी ओट्याकडे येई आणि मला झटकून बघे. त्या मुलांना नावं आहेत हे कुणाच्या गावीही नव्हतं. 'ए पोट्ट्या' एवढ्यावर काम भागत असे. मला फार राग यायचा, पण घोंगडीच्या रागाला कोण विचारतो?

हिवाळ्याच्या तोंडावर माझ्यात उवा झाल्या. कासाबाई शेतकऱ्याची लेक. तिच्या घरी जुन्या लुगड्यांची वाकळ असे आणि ती उकळत्या पाण्यातूनच काढत. एके दिवशी मुलं कामाच्या शोधात गेलेली बघून तिने रंगाऱ्याकडून कढईभर उकळतं पाणी मागून आणलं, मला त्यात बुडवलं आणि जीव लावून चोळलं. मित्रांनो, लोकरीला गरम पाणी सोसत नाही. मी आखडले, घट्ट झाले, वाळल्यावर निम्मीच उरले. एकावर घातली तरी पाय उघडे.

उमाजी परत आला आणि त्याने मला उलगडून अंगाशी धरून बघितलं. बापाची तेवढीच खूण त्याच्याजवळ होती. कासाबाई रडत म्हणाली, "दादा, मला म्हाईत नव्हतं रे. आमी जातो दुसरीकडं. तुझ्या येकट्यापुरती तरी उरली हाय."

"कुठं जायलीस?" उमाजी म्हणाला. "बस खाली."

पण थंडी वाढत होती, आणि आता तिघांना पुरेल असं पांघरूण नव्हतं. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. मला पुन्हा ताणून मोठं करता येईल का, हे विचारायला उमाजी घोंगड्या विकणाऱ्या कस्तुराबाईकडे गेला. म्हातारी देवगाव फाट्याकडची. तिने आधी मला पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहिलं.

"नाव काय रे बाबा तुझं?"

परभणीत आल्यापासून कुणा मोठ्या माणसाने हा प्रश्न विचारला नव्हता. "उमाजी," त्याने सांगितलं.

मग तिने मला चाचपलं आणि हसली. "उकळली व्हय? आता न्हाई व्हायची मोठी. चाती फिरवता येती का तुला?" उमाजीने तिच्या पाटीतली लोकर आणि चाती घेतली आणि बघता बघता बारीक सूत काढलं. म्हातारीने ते बोटांवर ताणून बघितलं. "मालक गेल्यापून माग बंद हाय माझा. ये माझ्याकडं."

उमाजीने चाती खाली ठेवली. "आमी तिघं हाव, मावशी. त्या ओट्यावर बसल्यात ती अंगद आन् कासाबाई. तिनंच ही धुतली."

"ती लोकर उकळणारी बी?"

"ती बी."

म्हातारीने ओट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चला मग. खळ उकळायला कुणीतरी लागतंच."

आणि खरंच, चिंचोक्याची खळ शिजवण्यात कासाबाईचा हात कुणी धरू शकत नसे. अंगद म्हातारीच्या मेंढ्यांमागे जाऊ लागला. उमाजी मागावर बसला आणि त्याने पहिली पट्टी विणली ती माझ्या मापाची. कस्तुराबाईने माझी मधली शिवण उसवली तेव्हा मी घाबरले होते, आता खोटं कशाला बोलू? पण तिने ती नवी पट्टी मधे घालून मला पुन्हा शिवलं. पाय पोटाशी घ्यावे लागत, तरी तिघं माझ्याखाली मावू लागली.

निजामाचं राज्य जाऊन आता जमाना झाला. उमाजीची नातवंडं माझ्यावर लोळतात. माझ्या दोन पट्ट्या सरळ आहेत, मधली जरा वाकडी. तीच माझी लाडकी.

मित्रांनो, मला धुवायचं झालं तर गार पाण्याने धुवा. आणि रस्त्याच्या कडेला तुमच्याएवढं एखादं पोर कुडकुडताना दिसलं, तर आधी त्याचं नाव विचारा.