दारापर्यंत

घरी येऊन बायकोच्या पायाच्या जखमेची पट्टी बदलणारी नर्स आम्हाला मिळेल की नाही, हे ठरवायला दवाखान्यातून एक सिस्टरबाई आल्या होत्या. ज्याला घराबाहेर पडणं खरंच झेपत नाही, त्यालाच ती मिळते. हे मी बायकोला वाचून दाखवलं होतं. तरी पाहुणी येणार म्हणून ती भिंत धरून दार उघडायला गेलीच.

“चालता येतं की काकू तुम्हाला!”

“न यायला काय झालं? हेच उगाच बाऊ करतात.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. गप्प बसलो तर पायाची ती खोल जखम माझ्या थरथरत्या हातांतच राहणार होती. पण परक्यासमोर बायकोला खोटं पाडणं मला कधी जमलं नव्हतं.

“सिस्टर,” मी कसाबसा म्हणालो, “तुम्ही बेल वाजवण्याच्या कितीतरी आधी ती खुर्चीतून उठली होती, तेव्हा कुठे दारापर्यंत पोचली. संडासला मीच धरून नेतो. पट्टी सोडताना मला भोवळ येते.”

बाईंनी टोपण काढलं. बायको धपकन खुर्चीत बसली.

“एवढं तर तुम्ही लग्नातही बोलला नव्हतात,” ती दमून म्हणाली, आणि तिने बाईंपुढे पाय केला.