जिलबी न मिळणाऱ्या भोजनालयाची वही

मी एक जुनी तक्रार वही आहे आणि सत्य माझ्या पानापानांत वसलेलं आहे. पहिली अकरा पानं सोडून. ती भागाबाईंनी भज्यांचं तेल टिपायला फाडली.

मित्रांनो, भिलाईच्या नेहरू नगरात, हायवेलगत, पंजाबराव आणि भागाबाईंचं भोजनालय आहे. पंजाबराव तिथल्या पोलाद प्लांटच्या कँटीनमधून रिटायर झाले, तेव्हा तिथली एक शिस्त सोबत घेऊन आले. जेवणाऱ्याने तक्रार लिहायची आणि काय केलं ते मालकाने त्याच दिवशी खाली लिहायचं. मला खिळ्याला टांगलं आणि सुतळीने पेन्सिल बांधली.

उरलेल्या पानांतली पहिली तक्रार खुर्सीपारच्या नागसेनची. तो प्लांटमध्ये क्रेन चालवतो. त्याने लिहिलं, 'वरणात मीठ नाही.' खाली भागाबाईंनी लिहिलं, 'खरं आहे. घातलं.' त्या दोघांचे उपकार मी विसरलेली नाही. कोणी लिहावं आणि कोणी ते वाचावं, कागदाला आणखी काय हवं असतं?

मग पंजाबराव-भागाबाईंची मुलगी मोना हिने भोजनालय मोबाइलवर चढवलं. तिथे एकही अभिप्राय नाही हे पाहून तिचा जीव खाली-वर झाला. तिने नातेवाइकांच्या ग्रुपवर साकडं घातलं. नागपूर ते दुर्ग लाइनीवरच्या सगळ्या रेल्वेवाल्या मामा-मावश्यांनी एका दुपारीत पाच-पाच तारे देऊन टाकले. त्यांतलं कोणीही इथे कधी जेवलेलं नव्हतं. पण मंडळी सरळमार्गी. खोटं कसं लिहायचं? म्हणून त्यांनी मोनाच्या लग्नात जे खाल्लं होतं, तेच लिहिलं. 'जिलबी अप्रतिम.' 'जिलबीला तोड नाही.' गोंदियाच्या हेमराजमामांनी तर बँडचंही कौतुक केलं.

आमच्याकडे जिलबी होत नाही.

लोक जिलबी मागत येऊ लागले आणि तोंड वाकडं करून जाऊ लागले. एकाने एकच तारा देऊन लिहिलं, 'झूठे लोग.' त्यानंतर दुपारची बाकं रिकामी राहू लागली. लिहायला कोणी येईना, म्हणून मला खिळ्यावरून काढून कांद्याच्या परडीखाली सरकवलं.

"इतक्या वर्षांत मले कोणी खोटं नाही म्हटलं," भागाबाई म्हणाल्या. "कावून केलं तू असं?" त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मोनाने मामांना फोन लावला. "मामा, तो रिव्ह्यू काढून टाका ना. हमारे यहाँ जलेबी बनती ही नहीं!"

"कावून काढू? सहा खाल्ल्या मी तुझ्या लग्नात. मी का खोटं बोलून राहिलो?"

नागसेन वरण-भात कालवत हे ऐकत होता. त्याने परडी उचलून मला बाहेर काढलं. "मोना, हे वही टाक ना मोबाइलवर. माझ्या मिठासकट."

"अन् लोकं हसतील त?" भागाबाई म्हणाल्या.

"हसू द्या, मावशी. हसत हसत जेवाले येतील."

मोनाने माझ्या पानांचे फोटो टाकले. 'पोळी कच्ची.' खाली 'होती. दुसरी दिली.' आणि सगळ्यांत वर भागाबाईंच्या हातचं नवं पान, 'जिलबी आमच्याकडे होत नाही. नातेवाइकांनी लग्नातली लिहिली. चूक आमची.' लोक खरोखरच हसले. मग एकेक करून जेवायला आले आणि मी पुन्हा खिळ्यावर गेले.

मित्रांनो, जे खाल्लं तेच लिहा आणि जिथे खाल्लं तिथेच लिहा. मीठ कमी असेल तर तेही लिहा. आम्हाला राग येत नाही, उलट बरं वाटतं. ज्यांनी माझ्यात खरं लिहिलं आणि ज्यांनी ते निमूट वाचलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे.

परवा हेमराजमामा पहिल्यांदाच इथे आले. दोन ताटं जेवले, मला उघडलं आणि विचार करून लिहिलं, 'जेवण उत्तम. जिलबी नाही.'

भागाबाईंना खाली उत्तर लिहायचं आहे. पण पेन्सिल सुतळीसकट मामांच्या खिशात गोंदियाला गेली.