चौदा जेवणे आणि एक बिननावाचा तांब्या

माझे झाकण बसवायला साडेतीन फेरे लागतात. तीन फेऱ्यांनंतर ते बसल्यासारखे वाटते, पण बसलेले नसते. चौथा पुरा करायला गेलात तर ते अडकते, आणि मग घरातल्या कोणाच्याही मनगटाला दाद देत नाही. शिवाय सुरुवातीला ते जरासे उलटे फिरवावे लागते. ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, आटा आट्यात उतरतो, आणि मगच सुलटे फिरवायचे.

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. तुम्ही बाटलीतून पाणी नेता, म्हणून सांगतो. प्रवासात पाणी सांडू नये यासाठी आमच्या गळ्याला आणि झाकणाला आटे पाडत, आणि वर धरायला कडी लावत. माझ्या पोटावर एक नाव कोरलेले आहे. ते मी एवढ्यात वाचून दाखवणार नाही. ते कोरायला सहा वर्षे लागली, आणि तीच गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म १९५० सालचा, उल्हासनगरचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या टोपणदासांनी छावणीच्या बराकीत एका कोपऱ्यात लेथ बसवला होता. मी त्यांचा तिसरा तांब्या. पहिल्या दोघांची झाकणे गळत होती, म्हणून त्यांनी ते वितळवून टाकले. मला पाण्याने भरून त्यांनी उलटे धरले, मनात शंभरपर्यंत आकडे मोजले, आणि मग हसले.

मला विकत घेतले अंबरनाथच्या माई रिसबुडांनी. त्यांचे यजमान चिंतामणराव काड्यापेटीच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. बरोबर त्यांची मुलगी कुंदा होती, पंधरा वर्षांची. तिने तिथेच झाकणाचे फेरे मोजले.

“नाम डालूं, अदी?” टोपणदासांनी विचारले. त्यांच्या भाषेत अदी म्हणजे बहीण.

त्या काळी प्रत्येक भांड्यावर नाव घालत. पण माई म्हणाल्या, “नको. हा हिच्या लग्नात द्यायचाय. सासरचं नाव अजून कुठं ठाऊक आहे? नाव नंतर घालू.”

‘नंतर’ म्हणजे फडताळाचा सर्वांत वरचा कप्पा, हे मला त्या दिवशी कळले. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून मला तिथे ठेवले, आणि सहा वर्षे कोणी वापरले नाही. हवेतल्या गंधकाने पितळ काळवंडते. मी इतका काळा झालो की एका दिवाळीत मला लोखंडी समजून कोणीतरी बाजूला सारले. वाईट वाटले. पण वापर नसलेल्या भांड्याने बोलायचे तरी कोणाशी?

१९५६ च्या कार्तिकात कुंदाने मला खाली काढले. ती आता एकवीस वर्षांची होती आणि वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली होती. चिंचेने घासून तिने माझा रंग परत आणला. मग मला भरून, टीपकागदावर उलटे टांगून, घड्याळ समोर ठेवून ती तासभर बसली. सात थेंब पडले. तिने ते वहीत लिहिले.

तिच्या कॉलेजातल्या बाई पाच मुलींना घेऊन तीन महिन्यांच्या प्रवासाला निघणार होत्या. निलगिरीपासून दार्जिलिंगपर्यंत आगगाडीने हिंडायचे, उतरायचे, झाडे पाहायची, पाने दाबून ठेवायची. पाचव्या मुलीची जागा कुंदासाठी होती. फक्त पालकांच्या संमतीचा कागद पोचायला हवा होता.

चिंतामणरावांनी सही केली. कागद मात्र दिला नाही.

“माझी सही शाईची,” ते म्हणाले. “तुझ्या आईची सही तोंडाची. ती झाल्याशिवाय कागद हलायचा नाही.”

“माई, जाऊ ना मी?”

“बघू,” माई म्हणाल्या.

कागद खिडकीजवळच्या फळीवर ठेवला, आणि तो उडू नये म्हणून त्याच्यावर मला ठेवले. त्यामुळे पुढचे दोन आठवडे मी दिवसभर फिरायचो आणि रात्री त्या कागदावर बसायचो. माईंचे ‘बघू’ मी मोजत होतो. भाजी निवडताना बघू, वेणी घालताना बघू. एकदा तर कुंदाने काही विचारण्याआधीच बघू. “लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर हिंडेलच की,” असे त्या चिंतामणरावांना म्हणायच्या. ते चष्मा पुसायचे.

घरात निर्णय नव्हता, पण गावाने तो कधीच घेऊन टाकला होता. चिंतामणरावांनी कारखान्यात कोणाला तरी सांगितले, आणि आमंत्रणे सुरू झाली. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला जेवायला बोलावल्याशिवाय आपल्याकडे कोणाला चैन पडत नाही. कुंदा प्रत्येक ठिकाणी मला पाण्याने भरून, पिशवीत घालून नेई. “तालीम,” ती म्हणे. “याची आणि माझी.”

पहिले जेवण बदलापूरला, बेलवलीत, तिच्या सगुणाआत्याकडे. आत्याने पुरणपोळ्या केल्या होत्या. तिने मला हातात घेतले, फिरवून फिरवून पाहिले, आणि तिचे डोळे बारीक झाले.

“नवा तांब्या. आणि नाव नाही.”

“माई म्हणते नंतर घालू.”

“अस्सं. म्हणजे सासरचं घालायचंय.”

“नाही हो आत्या, मी हिंडायला चालले आहे. झाडं बघायला.”

“हो हो, झाडंच बघायला,” आत्या म्हणाली. “आम्ही पण लाजून असंच काहीतरी सांगायचो. घे, अजून एक पोळी घे.”

मित्रांनो, लग्न ठरलेल्या मुलीला किंवा मुलाला नातेवाईक बोलावून जेवू घालतात, त्याला केळवण म्हणतात. तुळशीचे लग्न नुकतेच झाले होते, म्हणजे लग्नांचे दिवस सुरू झाले होते. मुलगी घरोघर जेवते आहे, बरोबर नवा कोरा तांब्या आहे, आणि त्याच्यावर नाव घालायचे राहिले आहे. आत्याने हिशेब केला आणि तो सगळ्यांना सांगितला. चूक तिची होती खरी, पण मूळ कारण माझे उघडे पोट.

त्यानंतर आमंत्रणे दुप्पट झाली. एका दिवशी दोन दोन जेवणे. कुंदाची ओटी भरली जाऊ लागली. पिशवीत नारळ येऊन बसले आणि मला कोपऱ्यात ढकलू लागले. खण आले, लोणच्याच्या पाच बरण्या आल्या, कोणी मेतकूट दिले. कुंदा प्रत्येक ठिकाणी सांगे की लग्न नाही, आणि प्रत्येक ठिकाणी लोक कौतुकाने हसत. शेवटी ती सांगायची थांबली आणि जेवू लागली.

कारखान्यातले फोरमन कमळाकरकाका यांच्याकडे वांगीभात होता. पाणी वाढायला त्यांनी मला उघडले, आणि बंद करताना चौथा फेरा पुरा केला.

“काका, साडेतीनच,” कुंदा म्हणाली.

“अगं, आम्ही रोज बॉयलरची झाकणं बसवतो. तुझ्या तांब्याचं काय घेऊन बसलीस?”

दहा मिनिटे काकांनी मला गुडघ्यांत धरले, फडक्याने धरले, दाराच्या फटीत धरले. त्यांच्या मुलीने विचारले, “बाबा, बॉयलर पण असेच उघडता?” मग कुंदाने गरम पाणी मागून फक्त झाकणावर ओतले. धातू तापला की फुगतो. झाकण फुगले, माझा गळा थंडच होता, म्हणून मधे केसाएवढी जागा झाली. तिने दोन बोटांनी मला उघडले. तो दिवस मी विसरलेलो नाही. मलाही तोवर माझे हे शास्त्र ठाऊक नव्हते.

तिची मैत्रीण मीनल आणि इतर चौघी तिला शिवमंदिरामागे वालधुनीच्या काठी घेऊन गेल्या. पाण्यात पाय सोडून त्यांनी माझ्यातले पाणी पाळीपाळीने प्यायले.

“खरं सांग, तो काय करतो?” मीनलने विचारले.

“कोण तो?”

“ज्याच्यासाठी अकरा नारळ जमलेत तो.”

“तो निलगिरीवर उभा असतो,” कुंदा म्हणाली. “चांगला शंभर फूट उंच आहे. सालपटं निघतात अंगाची.” पाचही जणी इतक्या हसल्या की मी कडेवरून घसरलो आणि माझ्या बुडाला पोचा आला. तो अजून आहे. हात लावून पाहा.

चिखलोलीहून दूध घालणारे बुधाजी मात्र सरळ बोलले. “पोरी, एवढी लांब चाललीस, त आमचे घरची भाकर खाऊन जा.” त्यांच्या अंगणात तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे खाताना त्यांनी विचारले, “तुझी आय काय बोलते?”

कुंदाचा घास हातात राहिला. “बघू म्हणते.”

“मंग अजून नाय नाय बोलली,” बुधाजी म्हणाले, आणि तिच्या पानात आणखी बिरडे वाढले.

दोन आठवड्यांत चौदा जेवणे झाली. आणि कॉलेजातून बाईंचे कार्ड आले: शनिवारपर्यंत कागद न मिळाल्यास कुंदाचे नाव कमी करून दुसऱ्या मुलीचे घालावे लागेल. कुंदाने ते कार्ड संमतीच्या कागदावर ठेवले आणि दोन्हींवर मला ठेवले. त्या दिवशी ती माईंना काहीच विचारायला गेली नाही. मला वाटते, विचारून उत्तर ‘नाही’ आले तर, याची तिला भीती वाटत होती. मी वजनाने पाऊण शेर आहे. आणखी जड असतो तरी तो कागद मला एवढाच जड वाटला असता.

शुक्रवारी सकाळी सगुणाआत्या बदलापूरहून आली. ताटात नारळ आणि साडी होती, आणि चेहऱ्यावर राग.

“वहिनी, आम्ही परके झालो का? मुलगा कोण, कुठला, एवढं तरी सांगाल?”

माई गोंधळल्या. “कसला मुलगा? लग्न नाही ठरलेलं.”

“मग पोरगी गावभर केळवणं कसली करत फिरते?”

“केळवणं नाहीत ती. ती प्रवासाला...” माई थांबल्या. “म्हणजे, जायचं म्हणते. बघू.”

ते अठरावे ‘बघू’ होते.

आत्याने ताट खाली ठेवले. मग तिला हसू आवरेना. “म्हणजे ती मला खरंच सांगत होती? झाडं? अगं बाई. आणि मी सगळ्या बेलवलीला सांगून बसले.” पदराने डोळे पुसून ती म्हणाली, “वहिनी, दूधवाल्यापासून फोरमनपर्यंत सगळ्यांनी तिला निरोपाचं जेवू घातलं. आणि तुम्ही, आई, अजून बघताच आहात?”

आत्याला माईंनी चहा दिला आणि स्टेशनपर्यंत पोचवून आल्या.

दुपारी घरात दुसरे कोणी नव्हते. माईंनी मला फळीवरून उचलले. त्यांनी तो कागद पाहिला, कार्ड वाचले, आणि दोन्ही नीट घडी करून आपल्या कमरेच्या पिशवीत ठेवले. मग मला पाण्याने भरले. झाकण आधी उलटे फिरवले, ‘टक्’ ऐकले, आणि मोजून साडेतीन फेरे दिले. हे त्या कधी शिकल्या, मला माहीत नाही. बहुधा कुंदाकडे पाहून. त्यांनी मला टीपकागदावर उलटे टांगले आणि समोर पाटावर बसल्या. तासभर. सात थेंब पडले. प्रत्येक थेंबाला त्यांची बोटे एकेक पेर पुढे सरकत होती.

इथे, मित्रांनो, मी तुमच्याजवळ एक मागणे मागतो. माझ्यासारखे एखादे भांडे तुमच्या घरी असेल तर त्याच्यावर जोर करू नका. आधी जरा उलटे फिरवा, आटा जुळू द्या, मग पुढे न्या. आणि त्याला ‘नंतर’च्या कप्प्यात ठेवू नका. पितळ वापराने झिजते, पण न वापरल्याने काळे पडते, आणि झिजलेले पितळ चमकते तरी.

संध्याकाळी कुंदा परतली तेव्हा माई चपला घालून तयार होत्या. “चल, उल्हासनगरला जाऊ. हा गळतो.”

टोपणदासांचे आता खरे दुकान झाले होते. आधी त्यांच्या बायकोने पापड आणि पाणी आणून ठेवले. टोपणदासांनी मला ओळखले. सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा गोल कापून त्यांनी माझ्या झाकणात बसवला, मला भरले, उलटे धरले आणि मनात शंभरपर्यंत मोजले. एकही थेंब पडला नाही. मग ते हसले, आणि त्यांनी लहान छिन्नी काढली.

“मुबारक हो, अदी. सुना है बेटी की शादी है. अब तो नाम बोलो. कागज पर लिख दो, मैं देखके उतारेगा.”

त्यांनी पेन्सिल कुंदासमोर धरली. कुंदाने कागदावर ‘कुंदा’ लिहिले आणि थांबली.

“आगे?” टोपणदास म्हणाले.

कुंदाने आईकडे पाहिले नाही. ती माझ्या पोच्याकडे पाहत राहिली. बाजारात कोणीतरी पत्रा ठोकत होते. छिन्नी माझ्या पोटाला टेकलेली होती, आणि तिचे टोक गार होते.

माईंनी कमरेच्या पिशवीतून संमतीचा कागद काढला, कुंदाच्या हातात दिला, आणि तिच्या हातातली पेन्सिल स्वतः घेतली. ‘कुंदा’च्या पुढे त्यांनी सावकाश लिहिले: ‘चिंतामण रिसबूड, अंबरनाथ’.

“ये तो मायके का नाम है,” टोपणदास म्हणाले.

“तेच घाला,” माई म्हणाल्या. “ती गुरुवारी जाते आहे, टोपणदास. तीन महिने, दार्जिलिंगपर्यंत. लग्नाचं ती आल्यावर बघू.”