फुकटचा उतार

अपघाताच्या गाडीचा गिअरबॉक्स सगळ्यात चांगला, असं जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मानतात. म्हातारी होऊन मेलेल्या गाडीचं सगळंच झिजलेलं असतं. अपघाताची गाडी ठोकर बसेपर्यंत धडधाकट पळत असते. गिऱ्हाइकाची खात्री पटवावी लागते एवढंच, आणि त्यासाठी यार्डाच्या मालकाकडे आबा होते.

आबांचा मुलगा यार्डात आलेल्या एका पांढऱ्या गाडीत गेला. डोंगर उतरताना शेवटच्या वळणावर गाडी कठड्यावर आदळली. त्याला चार महिने झाले, आणि दर रविवारी आबा यार्डात येऊन गाडीशेजारी एका टायरवर बसायचे. मालकाने त्यांना कधी हटकलं नाही, उलट चहा पाजला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्याला चहा सहज परवडतो. गिऱ्हाईक आलं की तो म्हणायचा, "घरचाच माणूस बसलाय, विचारा." मग आबा ताठ होऊन सांगायचे, "कधी गिअर करकरला नाही. माझ्याच हाताखाली शिकलेला." त्यांच्या या शब्दावर काचा गेल्या, दरवाजे गेले, मागची सीट गेली. गिअरबॉक्सचा भाव मात्र मालक सोडत नव्हता. घरी मुलाचा विषय काढला की बायको उठून आत जायची. इथे परके लोक आपणहून विचारायचे, म्हणून आबा येत.

मुलगा कसा गेला, याचं उत्तरही तयार असे. "ब्रेक गेला. आठच दिवसांपूर्वी गल्लीतल्या मिस्त्रीने ब्रेकचं काम केलं होतं." हे त्यांनी इतक्या जणांना सांगितलं की मिस्त्रीच्या दारात सायकलसुद्धा थांबेना. शेवटी त्याने गॅरेजला कुलूप लावलं. ते ऐकून आबा त्या दिवशी पोटभर जेवले.

आज एक टॅक्सीवाली बाई आली होती. तिची टॅक्सी गिअरबॉक्स मोडून दारात उभी होती. तिने बरोबर आणलेला फिटर आबांकडे पाठ करून आला आणि थेट गाडीखाली सरपटला. बाहेर राहिले फक्त त्याचे बूट.

"बाई, वरून गिअरचा दांडा हलतो का बघा," खालून आवाज आला.

"नाही हलत. पत्रा वाकून त्यात अडकलाय."

"म्हणजे ठोकर बसली तेव्हा होता तिथेच आहे." खाली बराच वेळ खटपट चालली. "न्यूट्रल."

तो बाहेर आला, आणि आबांनी चहाचा कप खाली ठेवला. मिस्त्रीच होता. गालफडं बसली होती. त्याने आबांकडे पाहिलंही नाही. वाकून स्टिअरिंगखाली बघितलं.

"किल्ली मोडून आत राहिलीय, तीही बंदवर. उतारावर इंजिन बंद आणि गिअर काढलेला. ब्रेकला जोर इंजिनकडून मिळतो. अशात तो दोनदा दाबला की दगड होतो, बाई. उभं राहिलात तरी पुरेसा लागत नाही."

"असं कोण चालवतं?"

"पेट्रोल वाचवणारे."

उतार फुकटचा असतो, तिथे पेट्रोल जाळायचं नाही, हे आबांचंच वाक्य. जन्मभर काटकसर केलेला माणूस. मुलगा पहिल्यांदा घाबरला होता. "आबा, गाडी हातातून सुटल्यासारखी वाटते." तेव्हा आबांनी त्याच्या बोटांवर टपली मारून किल्ली फिरवायला लावली होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे खोड एकाची आणि मेला दुसराच.

"इकडे या, आबा," मिस्त्री म्हणाला. "ब्रेकवर पाय ठेवा."

"मला गुडघ्याचा त्रास..."

"ठेवा."

दरवाजा नव्हताच. आबांनी बाहेरूनच पाय आत घातला आणि दाबला. पेडल जरासं गेलं आणि घट्ट अडलं. त्यांनी सगळा भार टाकला. ते हललं नाही.

"गेलेला ब्रेक तळाला टेकतो. तेलसुद्धा काठोकाठ आहे, उघडून बघा. काम माझ्या हातचं आहे." मिस्त्री चिंधीला हात पुसू लागला. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही. आता मी दुसऱ्यांच्या गाड्यांखाली रोजावर झोपतो."

मालकाला सौदा हातचा जाताना दिसला. तो पुढे सरसावला. "अहो बाई, हे तर तुमच्या फायद्याचंच! उतारावर गिअर वापरलेच नाहीत, म्हणजे झीज निम्मी!"

बाईने मिस्त्रीकडे बघितलं. त्याने मान डोलावली. "खरंच नेहमी तसा उतरत असेल, तर कमी झिजला असेल. पण ते घरचंच माणूस सांगू शकेल."

मग ती आबांकडे वळली. वाईट नव्हती बाई. तिचीही टॅक्सी दारात उभी होती. "काय हो आबा, नेहमी असाच उतरायचा का मुलगा? नक्की सांगा, म्हणजे घेऊन टाकते."

आबांचा पाय अजून ब्रेकवरच होता. तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"नेहमी," आबा म्हणाले. "माझ्याच हाताखाली शिकलेला."

"बघा," मालक म्हणाला, "घरचाच माणूस सांगतोय."