कोरडे खड्डे किती?

सन त्रेपन्नच्या वैशाखात आमच्या वालावलला सोन्याचं वेड लागलं आणि त्या वेडात मी सगळ्यांत पुढे होते. शाळेतली बाई असून! लक्ष्मीनारायणाच्या सभामंडपात मुंबईहून आलेले गुरुदास शेट बोलायला उभे होते. घाटावर, कर्नाटकात त्यांच्या कंपनीची सोन्याची खाण होती आणि तिचे शेअर ते विकत होते. त्यांनी खाणीतला एक दगड हातोहात फिरवला. त्यातली पिवळी रेघ चकाकली आणि मी मान लांब करून पुढे सरकले.

रोकड नसेल तर दागिना चालेल, म्हणून शेटांनी सोनारही बरोबर आणलेला. माझ्या हातांत आईच्या चार पाटल्या होत्या. आमच्या घरात सोनं म्हणावं असं तेवढंच. माझा नवरा सदानंद कुडाळच्या पोस्टात कारकून. तो कुजबुजला, "कावेरी, जरा सबुरीन घे गो."

मी कसली ऐकते! चाराच्या चाळीस होतील, माडीचं घर होईल, ह्याला पोस्टातली खर्डेघाशी सोडता येईल. "माणूस आपलोच आसा," मी म्हटलं. शेटांचा आजा वालावलचाच. शिवाय देवळात उभं राहून खोटं कोण बोलेल?

मी पाटलीला हात घातला, तेवढ्यात मागून विश्राम उठला. विश्राम बावी खणणारा. अर्धं गाव त्याने खणलेल्या विहिरींचं पाणी पितं.

"शेटानू, खड्डे किती खणलास?"

"नऊ."

"त्यातले कोरडे किती?"

"एकव नाय!" शेटांनी दगड उंच धरला. "नवय भरलेले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. पण म्हाताऱ्या माणसांनी हात मांडीवरच ठेवले. आमच्याकडे बाव खणणाऱ्याला काम देण्याआधी हाच प्रश्न विचारतात आणि 'एकही नाही' म्हणणाऱ्याला खोटा ठरवून अंगणातूनच वाटेला लावतात. विश्राम स्वतः सांगतो, "माज्यो अकरा कोरड्यो गेल्यो." हे सगळं मला ठाऊक होतं. तरी माझी एक पाटली निघालीच.

शेटांच्या मागे खाणीचे मॅनेजर भिकाजीराव इतका वेळ खाली मान घालून बसले होते. ते ताडकन उठले.

"बाई, थांबा! नवांतले सात कोरडे आहेत. दोनांत सोनं आहे, पण थोडं."

काय गलका उठला! शेट लालबुंद झाले. आणि मला वेडीला आणखीच चेव आला. माणूस असावा तर असा! मी ओरडले, "ह्यांच्या भरवशार देतंय मी पाटल्यो!"

विश्राम हसला. "खणणारो खरो आसा गो बाय. पण पैशे कोणाच्या हातात जातले?"

मी शेटांकडे वळले. "पैसे कोण खर्च करणार? हे मॅनेजर, की तुम्ही?"

"तो नोकर आसा!" शेट गरजले. "आणि आतापासून तोय नाय!"

मी पाटली परत चढवली. माझ्यामागे उभ्या असलेल्या चार बायकांनीही आपापले दागिने पदराखाली घेतले.

शेटांची मोटार भिकाजीरावांना मागे टाकून धुरळा उडवत गेली. आम्ही त्यांना घरी जेवायला आणलं. माझ्या तोंडाची टकळी काही थांबेना. काय धीराचा माणूस, काय सच्चा माणूस, असं मी पानावर वाढता वाढता दहादा म्हटलं असेल.

"नोकरी गेली तुमची," मी म्हणाले. "तरी बोललात!"

त्यांनी भातात घातलेला हात काढून घेतला.

"मागच्या महिन्यात माझ्या गावी अशीच सभा झाली," ते म्हणाले. "माझी बहीण पुढे आली. तिनं शेटांकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून तिनं पाटल्या काढून दिल्या. आणि मी गप्प बसलो."