वॅफलला हात लावायचा नाही

आईची हॉस्पिटलात रात्रपाळी होती, म्हणून वॅफलला हलवायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं. वॅफल म्हणजे आमचा लाल टोपीवाला एल्फ, सांताच्या बुटक्या मदतनिसाचं बाहुलं. डिसेंबरभर तो घरातल्या मुलांवर नजर ठेवतो, रात्री सांताकडे जाऊन चुगल्या करतो आणि सकाळी नव्याच जागी सापडतो. त्याला कुणी हात लावला की त्याची जादू गेली. मी बारा वर्षांची, रात्री त्याला आईच हलवते हे मला ठाऊक होतं, तरी दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

आणि मग मी ढाराढूर झोपले.

सकाळी खाली येते तर वॅफल कालच्याच फळीवर दात काढून बसलेला. तेवढ्यात वर माझ्या सात वर्षांच्या भावाच्या, सोरेनच्या, खोलीचं दार वाजलं. पोराचा ख्रिसमस माझ्यामुळे बुडणार होता.

स्टुलावर चढले, हात पुढे केला, आणि हात जाईना. जन्मात मी त्याला शिवले नव्हते. दुकानातून आणलेलं कापसाचं बाहुलं ते, पण बोटं ऐकतील तर शपथ. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

"अनिका, सापडला का गं?" सोरेन जिन्यावरून ओरडला.

"तिथेच थांब. आधी तोंड धुऊन ये."

"धुतलं."

"खोटारड्या. पुन्हा धू, वॅफल बघतोय."

तो कुरकुरत वळला. मी स्वयंपाकघरातून ओव्हनचे जाडजूड हातमोजे आणले, वॅफलला उचललं आणि फ्रीजमध्ये अंड्यांच्या खणात बसवलं. दार लावते तोच सोरेन मागे उभा. हातमोजे अजून माझ्या हातातच.

"कुकीज करतेयस?"

"हो."

"ओव्हन तर बंद आहे."

त्याने मला बाजूला सारून फ्रीज उघडला आणि अंड्यांमधली लाल टोपी बघून जागच्या जागी उड्याच मारायला लागला. मग एकदम थांबून हळू आवाजात म्हणाला, "नुसत्या हाताने नाही ना धरलंस?"

"नाही."

"मग ठीक आहे. आईसुद्धा चिमट्यानेच उचलते. मी बघितलंय."

मी हातमोजे काढून ओट्यावर ठेवले.

"म्हणजे जादू आहे अजून," तो म्हणाला, आणि वॅफलला कोपर लागणार नाही अशा बेताने त्याने दूध बाहेर काढलं.